डिसेंबरातली सत्तरी आणि आसामहून आलेला आचारी

गोव्याला जातोय म्हटल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "कुठला बीच?" मी म्हटलं, "सत्तरी." भूगोलाच्या बाईसुद्धा क्षणभर विचारात पडल्या, हा नवा बीच कुठून निघाला म्हणून.

सत्तरी हा गोव्याचा सह्याद्रीला टेकलेला तालुका. समुद्र नाही. जंगल, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, म्हादई नदी आणि वाळपई नावाचं तालुक्याचं गाव. सत्तर गावांचा मुलूख म्हणून सत्तरी. मी कोल्हापुरात हायस्कूलला इतिहास शिकवते. राणे घराण्याची बंडं जिथून पेटली तो नाणूसचा किल्ला एकदा बघायचा, एवढंच निमित्त होतं. बरोबर हे आणि आमचा ओंकार. त्याला बीचच हवा होता, त्यामुळे पहिले दोन तास गाडीत अबोला.

किल्ला अर्ध्या तासात बघून झाला. बाकीचं कागदावर उतरवायला तीन आठवडे लागले.

२१ डिसेंबर: चोर्ल्याचा वारा

सकाळी सहाला निघालो. निपाणी, संकेश्वर, बेळगाव. या रस्त्याबद्दल कोल्हापूरकरांना काय सांगायचं. बेळगावात टाकी पूर्ण भरून घ्या, पुढे घाटात पंप शोधत बसू नका. कुंदाही तिथंच घ्या. जांबोटीला चहा घेतला, कणकुंबीला माउलीच्या देवळात थांबलो. मलप्रभा इथं उगम पावते आणि पूर्वेला निघून जाते. याच डोंगरातून खाली उतरलेली म्हादई पश्चिमेला गोव्यात शिरते. एका बाजूचं पाणी बंगालच्या उपसागराला, दुसऱ्या बाजूचं अरबी समुद्राला. ओंकारने पहिल्यांदा तोंड उघडलं ते इथं. "आई, हे परीक्षेला येतं का?"

चोर्ला घाटात वारा असा होता की ह्यांनी कानाला मफलर गुंडाळला आणि गोव्याच्या हद्दीत आम्ही महाबळेश्वरला निघाल्यासारखे शिरलो. मोबाइलची रेंज घाटातच गेली. पत्ता आधी वहीत लिहून ठेवा. आम्ही नव्हता ठेवला. केरीच्या चौकात दोघांना विचारत, अंजुणे धरणाचं पाणी एका अंगाला ठेवत, दीडच्या सुमारास मुक्कामी पोचलो.

मुक्काम म्हणजे एका निवृत्त मराठी शाळामास्तरांचं घर. मागे सुपारीचं कुळागर, त्यात पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. ते मला "बाई" म्हणाले, मी त्यांना "गुरुजी", आणि नातं तिथंच ठरलं. त्यांचं घरात बोलणं कोंकणी, वाचन मराठी, भजन मराठी, रागावणं दोन्हींत. १९ तारखेच्या मुक्तिदिनाची पताका अजून ओसरीवर लटकत होती.

जेवायला बांगड्याचं हुमण, उकड्या तांदळाचा भात, तांबडी भाजी, सोलकढी. हुमणाची चव अशी की हे दोनदा भात घेऊन तिसऱ्यांदा "नुसतं हुमण वाढा" म्हणाले. गुरुजींच्या बायकोचं, काकींचं, कौतुक करायला मी स्वयंपाकघरात डोकावले तर चुलीपाशी सत्ताविशीतला एक सडपातळ मुलगा उभा. काकी हसल्या. "माझ्या हातचं न्हय गो ते. ह्या पुताच्या हातचं."

मुलगा आसामचा. नाव लिहीत नाही, लिहू का असं विचारल्यावर तोच नको म्हणाला. गोव्यात येऊन सात-आठ वर्षं झाली. आधी कळंगुटला एका हॉटेलात भांडी घासायचा. मालकाने दोन महिन्यांचा पगार बुडवला तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने इथं आला. हुमण काकींनी शिकवलं. ओंकारच्या ताटात त्याने हळूच एक वेगळा गोळा ठेवला: कुस्करलेला बटाटा, कच्चं मोहरीचं तेल, कांदा, हिरवी मिरची. "आलू पिटिका. आमच्याकडचं." चार दिवस ओंकार त्याच्या मागे फिरला तो या गोळ्यापायी.

एक सूचना: डिसेंबरात सत्तरीत रात्री चांगली थंडी पडते. गोवा म्हणून नुसत्या अर्ध्या चड्ड्या भरून याल तर आमच्या ओंकारसारखे गुरुजींची शाल पांघरून बसाल.

२२ डिसेंबर: नाणूस

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने जाग आली. सायकलवर टोपली, टोपलीत गरम पोयो आणि उंडे. पातळ भाजीत बुडवून उभ्याउभ्याच खाल्ले.

वाळपईच्या बाजारात थोडं भटकलो. नाताळ तीन दिवसांवर आलेला, दुकानांपुढे कागदी चांदण्या टांगलेल्या. ओंकारने हट्टाने एक लाल चांदणी घेतली, आत बल्ब लावायची. खोलीपुढे टांगायची म्हणे.

नाणूस वाळपईपासून जवळ. काकींनी जेवणाचा डबा आणि वाट साफ करायला कोयता देऊन त्या मुलाला आमच्याबरोबर पाठवलं. गुरुजीही काठी टेकत आले. किल्ला म्हणून रायगड-पन्हाळा डोळ्यांपुढे आणाल तर निराशा होईल. जांभ्या दगडाचे अवशेष, मातीत बुडालेले कठडे, वर झाडांची मुळं. पायात बूट हवेत, पाणी बरोबर हवं, आणि बरोबर कुणीतरी गावातलं हवं. त्याशिवाय कुठला दगड भिंतीचा आणि कुठला नुसता दगड ते कळत नाही.

मी सवयीप्रमाणे वर्ग सुरू केला. अठराव्या शतकात पोर्तुगीजांनी मिळवलेल्या नव्या काबिजादींमधला हा मुलूख. इथले राणे म्हणजे पिढीजात वतनदार. त्यांच्या हक्कांना आणि जमिनींना हात लागला की ते रानात उतरायचे. २६ जानेवारी १८५२ला दीपाजी राण्यांनी हा किल्ला घेतला, तीन वर्षं पोर्तुगीजांना झुंजवलं आणि १८५५मध्ये सरकारला समेट करावा लागला. मग १८६९ ते ७१ कुष्टोबा. मग १८९५: पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकच्या मोहिमेवर जायचा हुकूम झाला, त्यांनी नकार दिला, बंड करून ते इथं नाणूसला आले आणि दादा राणे त्यांना मिळाले. ते मोडायला पोर्तुगालच्या राजाचा सख्खा भाऊ फौज घेऊन आला होता. ओंकारला राजाचा भाऊ आवडला.

आमच्या कोल्हापूरचंही मी जोडून सांगितलं. १८४४चं गडकऱ्यांचं बंड, सामानगड, भुदरगड, आणि त्याच धामधुमीत सावंतवाडीचे फोंड सावंत पळून गोव्यात आले ते. म्हणजे आमच्या बंडखोरांना यांच्या रानाचा आसरा. मी रंगात आले होते.

मुलगा कोयता मांडीवर ठेवून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "बाई, ये लोग जंगल में रहते थे ना?"

"हो."

"तो खाना कौन देता था?"

मी थांबले. चोवीस वर्षं मी बंड शिकवते आहे. कारणं शिकवते, स्वरूप शिकवते, परिणाम शिकवते. 'बंड अयशस्वी का झाले?' चार गुण. रानातल्या माणसाला रात्री भाकरी कोण घालत होतं, हे मला कोणी विचारलेलं नव्हतं आणि मीही कोणाला नाही.

"गावातले लोक," मी म्हटलं. "त्यांचा पाठिंबा होता."

"हां," तो म्हणाला. "रात को इधर से आएगा तो खाना देना पड़ेगा. सुबह उधर से आएगा, पूछेगा खाना किसने दिया."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गुरुजी दगडावर बसले, काठी आडवी ठेवली आणि म्हणाले, "पुता, तुका कोणें सांगलें हें?" आणि मग त्यांनीच त्यांच्या पणजीची गोष्ट सांगितली. घराण्यात चालत आलेली, त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली. पणजीच्या घरी भाताच्या दोन कणग्या असायच्या. एक माजघरात, दिसणारी, अर्धी भरलेली. दुसरी गोठ्याखाली पुरलेली. कुत्री भुंकली की पणजी म्हणायची, आले. पाखले आले की बंडवाले आले, हे दार उघडेपर्यंत कळायचं नाही. पोर्तुगीज शिपायांना ते पाखले म्हणत. माजघरातली कणगी दोघांसाठी सारखीच होती.

"मग बंडवाल्यांचा अभिमान नव्हता का त्यांना?" मी विचारलं.

"होता की! दीपाजींचं नाव निघालं की आजी हात जोडायची. २६ जानेवारीला आम्ही इथं जमतो, अजूनही. पण भात पुरलेला होता, बाई."

डबा तिथंच उघडला. खतखतं आणि पोया. मुलगा थोडा लांब बसून जेवला. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे अशी बंडं झाली का. तर म्हणाला, तो संथाळ आहे आणि त्याच्या आजोबांच्या आजोबांच्या तोंडी सिदो-कान्हूची गाणी होती. संथाळांचा हूल, म्हणजे सिदो-कान्हू या भावांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांविरुद्ध झालेला उठाव, सुरू झाला ३० जून १८५५ला. इथं दीपाजींचा समेट झाला त्याच वर्षी तिकडे भोगनाडीहला हजारो संथाळ जमले होते. मी हे वेगवेगळ्या धड्यांत शिकवते; एका फळ्यावर शेजारीशेजारी कधी लिहिलं नाही.

संध्याकाळी परतल्यावर ओंकारने चांदणी काढली. खोलीच्या दारावर, रस्त्याकडच्या बाजूला टांगायची होती. मुलाने स्टूल आणलं, वायर जोडली, आणि म्हणाला, "मागच्या बाजूला लावू?" ओंकार म्हणाला, मागे कोण बघणार? तो म्हणाला, "तेच. बाहेरून दिसत नाही." आम्हाला काही कळलं नाही. चांदणी मागच्या पडवीत लागली, केळीकडे तोंड करून.

२३ डिसेंबर: पळून आलेला देव, झर्म्याचे चोर

सकाळी ब्रह्मकरमळी. वाळपईपासून सात-एक किलोमीटर, नगरगावात. ब्रह्मदेवाचं देऊळ म्हणून लोक येतात, कारण ब्रह्मदेवाची देवळं देशात थोडी. मला मूर्तीपेक्षा तिचा प्रवास जास्त ओढत होता. मूर्ती मूळची तिसवाडी तालुक्यातल्या करमळी गावची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा माणसं देव घेऊन पळाली, आणि पळत पळत या रानापर्यंत आली. नव्या जागेला जुन्या गावाचं नाव राहिलं. उभी पाषाणमूर्ती, सुबक. ती पाठीवर, होडीत, डोंगरातून कशी आणली असेल कुणास ठाऊक. गाभाऱ्यात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. दुपारी जाण्यापेक्षा सकाळीच जा, निवांत दर्शन मिळतं.

मुलगा बाहेर चप्पल सांभाळत उभा होता. आज सकाळपासून गप्प होता. काकी म्हणाल्या, आजच्या दिवशी तो असाच असतो, विचारू नका. मी विचारलं नाही. मी फक्त त्याला मूर्तीची गोष्ट सांगितली. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "देव उचलायला टाइम मिळाला त्यांना."

दुपारनंतर गुरुजींनी झर्म्याला नेलं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना काजू मोहरायच्या बेतात. झर्मे शिगम्यातल्या चोरोत्सवासाठी ओळखलं जातं. खड्डे खणून त्यात गावातले तरुण 'चोर' होऊन पुरून घेतात. कुणाचं फक्त डोकं जमिनीवर, तर कुणाचं डोकं जमिनीत आणि धड बाहेर. आम्ही गेलो ते डिसेंबरात, त्यामुळे नुसती जागा बघितली आणि गोष्ट ऐकली. बघायचं असेल तर मार्चमध्ये, शिगम्याच्या दिवसांत गावात विचारून जा. फोटोसाठी मध्ये घुसू नका. ते विधी आहेत, करमणूक नाही.

गोष्ट अशी सांगतात. फार पूर्वी रात्रीच्या वेळी काही परके तरुण गावाकडे आले. चोर-लुटारूंची भीती असायचीच. गावाने त्यांना चोर समजून मारलं. उजाडल्यावर कळलं, ती निरपराध माणसं होती. तेव्हापासून दरवर्षी गाव स्वतःच्याच पोरांना पुरतं आणि पुन्हा बाहेर काढतं.

मला ही गोष्ट विलक्षण वाटली. आपल्या हातून काय झालं ते विसरायचं नाही म्हणून गावाने सणात बांधून ठेवायचं! गोष्टी मारणाऱ्यांच्या असतात, मेलेल्यांच्याही असतात. चुकलो म्हणणाऱ्या गावाची मी तरी पहिल्यांदाच ऐकली. मी हे भारावून बोलत होते. मुलगा गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. म्हणाला, "यहाँ गलती से मारा."

पुढे काही बोलला नाही. पण परतताना गाडीत, घर यायला दहा मिनिटं राहिली असतील, आपणहून म्हणाला, "आमच्याकडे या वेळेला पूर्ण अंधार झालेला असतो. साडेचारला सूर्य बुडतो. इथं सहापर्यंत उजेड असतो ते मला पहिली दोन वर्षं खोटं वाटायचं."

आणि मग पडवीत बसून त्याने सांगितलं. हिंदी, कोंकणी आणि मध्ये आसामी असं मिश्रण होतं. मी माझ्या मराठीत लिहिते आहे.

२०१४ साल. कोक्राझार जिल्हा, भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याचा भाग. तो दहावीला. वस्तीत बरीच ख्रिस्ती संथाळ घरं, नाताळ दोन दिवसांवर. बांबूच्या काड्यांची चांदणी त्याने स्वतः केली होती, रंगीत कागद लावून. आत कंदील. ती दारावर टांगून तो मागे हापशावर हात धुवायला गेला. पुढच्या अंगणात वर्दीतली माणसं आली. लष्कराची गस्त त्या भागात नेहमीची, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. त्याच्या काकाने बसायला बाक पुढे ओढला.

"आवाज आला तेव्हा मला वाटलं फटाके. बडा दिन म्हणून कोणीतरी लवकर आणले."

तो शेतातून सालाच्या जंगलाकडे पळाला. बहीण वाटेत भेटली. आई उशिरा आली, तिच्या हातात भाताची हंडी होती. निघताना तिने शेळी सोडली आणि हंडी उचलली. "कागद कुणाला आठवले नाहीत. माझं आठवीपर्यंतचं सगळं, जमिनीची पावती, बाबांचं वोटर कार्ड, एका पत्र्याच्या पेटीत होतं." रात्रभर थंडीत, कोणी विडी पेटवली तरी दुसरा विझवायचा. उजेड दिसू द्यायचा नाही. घरं जळत होती त्याचा उजेड मात्र दिसत होता. काका सापडला तो बाकापाशी.

ओंकारने एवढं ऐकलं, उठला, आणि मागच्या पडवीतली चांदणी काढायला लागला. मुलगा म्हणाला, "राहू दे रे. मागे आहे ना."

त्या रात्री मला काहीच विचारायला सुचलं नाही. जे लिहिते आहे ते परत आल्यावर वाचून जुळवलेलं. २३ डिसेंबर २०१४च्या संध्याकाळी एनडीएफबी या हत्यारबंद बोडो संघटनेच्या सोंगबिजित गटाने कोक्राझार, चिरांग आणि शोणितपूर जिल्ह्यांत एकाच वेळी आदिवासी वस्त्यांवर गोळीबार केला. साठहून जास्त माणसं मेली, त्यांत बायका आणि लहान मुलं पुष्कळ. त्या आधी सुरक्षा दलांनी या गटावर कारवाई वाढवली होती. तिचा सूड काढला तो ज्यांच्याकडे काठीही नव्हती त्यांच्यावर. लष्कराला खबर तुम्ही देता, हा संशय अशा वस्त्यांवर कायमचा असतो.

मागचा धागा लांब आहे. बोडो हे तिथले जुने रहिवासी. जमीन हातची जाते, भाषा मागे पडते, आसामच्या राजकारणात आपल्याला कोणी विचारत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती. १९८७ला उपेंद्रनाथ ब्रह्मांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थी संघटनेने वेगळ्या राज्याची मागणी पेटवली. १९९३चा करार, २००३चा करार आणि त्यातून बोडोलँडची स्वायत्त परिषद. पण हत्यारबंद गट राहिलेच, फुटत राहिले. संथाळ, मुंडा, उरांव यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात चहाच्या मळ्यांवर आणि वसाहतींत नेलेले. आसामात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जाही नाही. १९९६ आणि १९९८ला बोडो-संथाळ दंगली झाल्या, लाखो माणसं छावण्यांत गेली. त्याचा जन्म अशाच एका छावणीतला, हे त्याने बोलता बोलता सांगितलं होतं. त्याची आई त्या हंडीसकट दोनदा पळालेली होती.

आणि एक गोष्ट त्याने सांगितली जी पेपरात एका ओळीत येते. दुसऱ्या दिवशी आदिवासींनी बोडो घरांना आगी लावल्या, त्यातही माणसं मेली. "माझ्या वर्गात एक बोडो मुलगा होता. शाळेतून येताना त्यांच्या घरी पाणी प्यायचो. त्याच्या बाबांची सायकल दुरुस्तीची टपरी. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. ते घर आमच्या लोकांनी जाळलं. मी बघत होतो. मी काही बोललो नाही."

काकी आतून म्हणाल्या, "जेवपाक चल पुता." त्या दिवशी स्वयंपाक त्यांनी केला होता. साधी पेज, खारातली कैरी, भाजलेला सुका बांगडा. तो म्हणाला, आमच्याकडे रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी खातात, हे तसंच लागतं. हे कधी नव्हे ते न बोलता जेवले.

२४ डिसेंबर: परत

पणजी बघून जायचा बेत होता. तिकडे गर्दी आहे असं गुरुजींनी फोनवर कुणाकडून तरी कळवून घेतलं आणि आम्ही तो रद्द केला. बीच न बघता गोव्याहून परतलेलं आमच्या ओळखीतलं हे पहिलंच कुटुंब असावं. ओंकारने त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

निघताना सामान ठेवू लागायला मुलगा आला. काकींनी आमसुलं, सुपारी आणि दोन नारळ गाडीत घातले. कोकम, नाचणीचं पीठ, केळ्यांचे वेफर हे सगळं वाळपईच्या बाजारातच घ्या, हायवेवर तेच दुप्पट भावाने मिळतं. घाट दिवसा उजेडी चढा. धुक्यात वळणं दिसत नाहीत.

मी त्याला विचारलं, गावी जातोस का. म्हणाला, दोन वर्षांतून एकदा. आता शांत आहे. २०२०च्या जानेवारीत नवा करार झाला, दीड हजारांवर बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांच्यापैकी एकाला सरकारी पैसे मिळाले आणि त्याने बाजारात मोबाइलचं दुकान काढलं आहे. "चांगला आहे दुकानदार. मी तिथूनच रिचार्ज करतो."

मी काय बोलणार होते?

मग त्याने खरा प्रश्न काढला. त्याच्या बहिणीचा नवरा केरळात बांधकामावर आहे, त्याला कमरेचं दुखणं लागलंय. कोल्हापुरात हॉटेलात काम मिळेल का? आचाऱ्याला पगार किती असतो? राहायची सोय देतात का? ह्यांनी डायरी काढून नंबर लिहून घेतला आणि शब्द दिला की विचारून सांगतो.

आल्यापासून आम्ही दोन ठिकाणी विचारलं. पगार बरा आहे, खोली देतात, तांबडा-पांढरा शिकवून घेऊ म्हणाले. दोघांनीही शेवटी एकच विचारलं, "आसामचा ना? मग कागदपत्रं सगळी आहेत का बघा आधी."

परवा त्याला फोन करून सांगितलं. तो हसला. म्हणाला, दाजींची आहेत, नवीन काढलेली आहेत सगळी; आणि ओंकारला सांगा, मोहरीचं तेल कच्चंच घाला, गरम करू नका.